खेळात लागले, भरायचे कोणी?

शाळेच्या मैदानावर एखादे मूल पडले आणि उठेना, की पहिल्या पाच मिनिटांत दोन वाक्ये हमखास कानावर येतात. एक मोठ्याने: ‘खेळ म्हटला की लागायचेच.’ दुसरे जरा दबक्या आवाजात: ‘संमतीपत्रे घेतलीत ना सगळ्यांची?’ शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल तर संध्याकाळपर्यंत तिसरेही येते: ‘सरकारवर कुठे दावा चालतो का?’

बोलणाऱ्यांना कल्पना नसते, पण अपकृत्याच्या कायद्यातले तीन मोठे बचाव या तीन वाक्यांत आलेले असतात. पहिल्यात जोखीम, दुसऱ्यात संमती आणि तिसऱ्यात शासनाचे कवच. या तिन्हींच्या आधी येणारा प्रश्न, म्हणजे शाळेने काय करायला हवे होते आणि काय केले नाही, तो मात्र त्या गर्दीत कोणी विचारत नाही. बचाव खरे तर त्या प्रश्नाच्या उत्तरानंतरच लागतात. उलटा क्रम लावला की प्रश्नच गळून जातो, आणि माझ्या मते या विषयातला बहुतेक गोंधळ या उलट्या क्रमातून आलेला आहे. अमेरिकेतल्या न्यायालयांनी तो सत्तर वर्षे निस्तरला. आपल्याकडे तो निस्तरायची वेळच फारशी येत नाही, कारण प्रकरण न्यायालयापर्यंत जातच नाही.

खेळाच्या अंगची जोखीम

जोखमीपासून सुरुवात करू. कबड्डीत पकड झाली, चढाई करणारा मध्यरेषेकडे झेपावला आणि त्याचा गुडघा पिरगळला. ही इजा खेळाच्या अंगची आहे. ती टाळायची तर पकडच टाळावी लागेल, आणि मग कबड्डी उरत नाही. खो-खोत खांबावर झेप घेताना खांदा निखळला तर तेही तसेच. पण खांब लाकडी आणि गुळगुळीत असावा, त्याच्या वरच्या टोकाला धार नसावी, ही अपेक्षाही त्याच खेळातली आहे. त्याऐवजी शाळेने कुंपणातून उरलेला लोखंडी पाइप उभा केला आणि मुलाचा तळहात फाटला, तर ती जोखीम खो-खोची नाही. ती शाळेने आणून रोवलेली आहे.

तालुका पातळीवरच्या एका कबड्डी स्पर्धेला मी प्रेक्षक म्हणून होतो. मैदान चुन्याने सुरेख आखलेले होते. बाजूरेषेपासून जेमतेम दोन हातांवर क्रिकेटच्या खेळपट्टीचा लोखंडी रोलर उभा होता. तो हलवायला आठ माणसे लागतात, म्हणून तो कोणी हलवला नव्हता. दुसऱ्या सत्रात बाहेर ढकलला गेलेला सातवीतला मुलगा थेट त्या रोलरवर गेला आणि त्याचे मनगट मोडले. पंचांनी शिट्टी वाजवली, गुण दिला, आणि पीटीचे सर मुलाला मोटरसायकलवर मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस होता, खपाची पट्टी नव्हती. आता ढकलले जाणे हा कबड्डीचा भाग आहे की नाही? आहे. रोलर कबड्डीचा भाग आहे का? एकाच इजेत दोन जोखमी अशा एकात एक अडकलेल्या असतात, आणि त्या सोडवून दाखवणे हेच कायद्याचे इथले काम.

हे काम सर्वांत तपशिलात झाले ते कॅलिफोर्नियात. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नाइट विरुद्ध ज्युएट’ या निकालात मांडणी केली की खेळाच्या स्वरूपातच असलेल्या धोक्यापासून वाचवण्याचे कर्तव्य सहखेळाडूवर नसते. त्याने मुद्दाम इजा केली किंवा खेळाच्या चौकटीबाहेर जाऊन बेफिकीर वर्तन केले, तरच तो जबाबदार. तो खटला मित्रांच्या घरगुती फुटबॉलचा होता. शाळेचा प्रश्न २००३ मध्ये आला, ईस्ट साइड युनियन या शाळा-जिल्ह्याच्या प्रकरणात. पोहण्याच्या संघातली एक चौदा वर्षांची, नवशिकी मुलगी साडेतीन फूट खोलीच्या पाण्यात सूर मारण्याचा सराव करताना मानेचे हाड मोडून बसली. तिचे म्हणणे असे होते की उथळ पाण्यात सूर मारायला लावणार नाही असे प्रशिक्षकाने सांगितले होते, आणि शर्यतीच्या तोंडावर सांगितले की आता मारावाच लागेल. सूर कसा मारायचा हे धड शिकवलेले नव्हते.

न्यायालयाने शिकवणाऱ्यालाही जवळपास सहखेळाडूचाच निकष लावला. मुलाला थोडे पुढे ढकलणे, आज जमत नाही ते उद्या करायला लावणे, हे प्रशिक्षकाचे कामच आहे. प्रत्येक ढकलण्याबद्दल तो न्यायालयात उभा राहिला तर शिकवणे बंद पडेल. पण दिलेला शब्द मोडून, न शिकवता, भीती वाटते असे सांगणाऱ्या मुलीला उथळ पाण्यात उतरवणे हे बेफिकिरीत बसू शकते, म्हणून प्रकरण सुनावणीशिवाय निकालात काढता येणार नाही, असे ठरले. या निकालातला पहिला अर्धा भाग मला पटतो, पण निकष फार उंच वाटतो. सहखेळाडू आणि शिक्षक यांना एका तराजूत तोलताना एक फरक निसटतो. सहखेळाडूला मुलगी नाही म्हणू शकते. सरांना नाही म्हणता येत नाही.

भालाफेक घ्या. मोठ्या गटातल्या पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा. तो पडण्यासाठी जे क्षेत्र आखतात त्याचा कोन जेमतेम २९ अंशांचा असतो, कारण भाला कुठेही जाऊ शकतो हे नियम करणाऱ्यांना माहीत आहे. सरावाची शिस्त साधी असते. सगळे फेकणारे एका रेषेमागे, शेवटचा भाला जमिनीत रुतेपर्यंत कोणी पुढे जायचे नाही, मग सगळ्यांनी मिळून चालत जाऊन भाले उपटून आणायचे. धावायचे नाही, कारण जमिनीत तिरपा उभा भाला मागच्या टोकानेही घुसतो. शाळेत वेळ वाचवायला काय होते हे मैदानावर उभे राहिलेल्यांना ठाऊक आहे: एक रांग फेकत असते आणि दुसरी आधीचे भाले आणत असते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये रायगड जिल्ह्यात शाळेतल्या सरावाच्या वेळी भाला डोक्यात लागून एक विद्यार्थी गेला. त्या घटनेत कोणाची किती चूक हे तपासाने आणि न्यायालयाने ठरवायचे. पण ‘भालाफेक म्हटली की लागायचेच’ असे वाक्य कोणाला उच्चारता येणार नाही, कारण भालाफेकीत माणसाला भाला लागणे हे खेळाच्या अंगचे मुळीच नाही.

काळजी किती घ्यायची

शाळेच्या कर्तव्याचे जुने माप इंग्लंडमधले आहे. १८९३ च्या एका निकालात म्हटले गेले की काळजीवाहू बाप आपल्या मुलांची जितकी काळजी घेईल तितकी शिक्षकाने घ्यावी. आपल्या न्यायालयांनीही शाळा ही पालकाच्या जागी असते हे तत्त्व स्वीकारले. हे माप भावनेला भिडते, पण मोजायला अवघड आहे. बापाला दोन मुले असतात, पीटीच्या सरांपुढे साठ. शिवाय बाप मल्लखांब शिकवायला निघाला तर त्याला मल्लखांब येत असायची अट नाही, शिक्षकाला आहे. म्हणून आजचे माप बापाचे नसून त्या विषयातल्या जाणत्या शिक्षकाचे असले पाहिजे.

१९९६ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने रग्बीच्या पंचाला जबाबदार धरले ते याच मापाने. १९ वर्षांखालील मुलांच्या सामन्यात दोन्ही फळ्यांची रेटारेटी पुन्हा पुन्हा कोसळत होती, ती सावकाश भिडवण्याचा लहान गटांसाठीचा नियम पंचाने लावला नाही, आणि एका मुलाची मान मोडली. रग्बी धोक्याचा खेळ आहे हे कोणी नाकारले नाही. धोका कमी करण्यासाठी लिहिलेला नियम पंचाच्या हातात होता आणि तो वापरला गेला नाही, एवढेच पाहिले गेले. आपल्याकडच्या स्पर्धांतही वयोगटाचे नियम छापील पुस्तिकेत असतात. पुस्तिका सहसा टेबलावर, फुलांच्या हाराखाली असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा या क्षेत्रातला सर्वांत जवळचा निकाल खेळाचा नाही, सहलीचा आहे. १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली आणि १४ मुले बुडाली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई ठरवली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मुलांना सोबत नेणाऱ्या शिक्षकांनी काळजी घेतली नाही, आणि त्यांच्या कसुरीची जबाबदारी शाळेवर येते, हे त्यात स्पष्ट झाले. ही शाळा खासगी होती, त्यामुळे शासनाचे कवच आड आले नाही. तरी सहल आणि मैदान यांत तत्त्वाचा फरक नाही. दोन्हीकडे मूल पालकाच्या नजरेआड आणि शाळेच्या हुकमाखाली असते.

तिजोरीभोवतीची भिंत

अमेरिकेत सरकारी शाळा म्हणजे स्थानिक शाळा-जिल्हा, आणि त्याला राज्याचे कवच मिळत असे. राजाच्या हातून चूक होत नाही ही इंग्रजी कल्पना राजा नसलेल्या देशात कशी टिकली याचे नवल वाटते. पण टिकण्याचे खरे कारण पैसा होता. करातून जमलेला शाळेचा पैसा एका जखमी मुलाला दिला तर उरलेल्यांच्या वाट्याला काय येणार, हा युक्तिवाद मतदाराला समजतो. १९५९ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कवच मोडले. शाळेची बस रस्ता सोडून गेली, पेटली, मुले भाजली. न्यायालय म्हणाले, शाळा चालवणे हा आता मोठा व्यवहार आहे, तो व्यवहार करणाऱ्याने विमा काढावा आणि भरपाई द्यावी.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. विधिमंडळाने १९६५ मध्ये नवा कायदा करून बरेचसे कवच परत आणले. मग १९७६ मध्ये न्यायालयाने ठरवले की व्यायामाच्या तासात मुलाला इजा झाली तर शिक्षकाचे वर्तन साध्या चुकीच्या पलीकडचे, जाणूनबुजून बेपर्वा असले पाहिजे. शिक्षक पालकाच्या जागी आहे, आणि पालकावर मूल साध्या चुकीसाठी दावा लावत नाही. काळजी जास्त घ्यावी म्हणून जन्मलेले बापाचे रूपक इथे काळजी कमी घेतली तरी चालेल यासाठी वापरले गेले. त्याला मुरड पडली दोन वर्षांनी. मापात न बसणारे, सदोष हेल्मेट देऊन शाळेने मुलाला फुटबॉलच्या मैदानात उतरवले, तेव्हा न्यायालयाने म्हटले की शिकवण्यातले निर्णय वेगळे आणि साहित्य देणे वेगळे. साहित्यात साधी कसूरही पुरते. १९८० मध्ये मुलींना हेल्मेटशिवाय धसमुसळा फुटबॉल खेळू देणाऱ्या शाळेलाही हाच न्याय लागला.

हा भेद मला या सगळ्या न्यायशास्त्रातला सर्वांत उपयोगी वाटतो. मुलाला किती पळवायचे, कोणता डाव आधी शिकवायचा, कोणाला संघात घ्यायचे, यात शिक्षकाला मोकळीक हवी. इथे न्यायाधीशाने शिट्टी हातात घेऊ नये. पण खांब कसा आहे, गोलपोस्ट जमिनीत गाडला आहे की नुसता टेकवला आहे, रोलर कुठे उभा आहे, हे निर्णय शिक्षणशास्त्राचे नाहीत. ते डोळ्यांनी पाहता येतात आणि हातांनी बदलता येतात.

टेक्ससने ही विवेकबुद्धी बाजूला ठेवून सोपी रेघ मारली. तिथल्या कायद्यानुसार शाळा-जिल्ह्यावर दावा चालतो तो फक्त मोटारवाहनाच्या वापरातून झालेल्या इजेसाठी. सामन्याला जाताना बसला अपघात झाला तर दाद आहे. सामन्यात, सदोष साहित्यामुळे मान मोडली तर नाही. एकाच मुलाच्या एकाच शनिवारचे दोन तुकडे पडतात, बसच्या दारात. खजिनदाराला अशी रेघ आवडते कारण विम्याचा हप्ता मोजता येतो. न्यायाशी तिचा संबंध शोधायला गेलो तर सापडत नाही.

दोन प्रश्न वेगळे ठेवले की काय होते याचा धडा पुन्हा कॅलिफोर्नियातच मिळतो. २००६ च्या सिट्रस कॉलेजच्या प्रकरणात बेसबॉलचा चेंडू फलंदाजाच्या डोक्यावर आदळला, कदाचित मुद्दाम टाकलेला. न्यायालयाने आधी कवच तपासले आणि म्हटले, धोक्याच्या करमणुकीसाठी असलेले कायद्याचे संरक्षण महाविद्यालयाने स्वतः भरवलेल्या सामन्याला मिळत नाही. मग जोखीम तपासली आणि म्हटले, अंगावर येणारा चेंडू हा बेसबॉलचा भाग आहे, म्हणून दावा फेटाळला. विद्यार्थी हरला. तरी तो का हरला हे त्याला कळले, आणि पुढच्या विद्यार्थ्यासाठी कवचाचे दार उघडे राहिले.

आपली भिंत

भारतात कवचाची सुरुवात एका घोड्यापासून होते. कोलकात्यात किद्दरपूरच्या सरकारी गोदीतले कामगार लोखंडाचा अवजड तुकडा घेऊन रस्त्यात आले, गाडी आली तशी त्यांनी तो खाली टाकला, घोडे बुजले आणि एक जखमी झाला. मालक कंपनीने ३५० रुपयांचा दावा केला. १८६१ मध्ये सर बार्न्स पीकॉक यांनी कसोटी घातली: जे काम खासगी माणूसही करू शकतो ते सरकारने केले तर सरकारही जबाबदार, जे फक्त राज्यसत्तेलाच करता येते त्यात कवच. घोड्याच्या मालकाला पैसे मिळाले. राज्यघटनेच्या कलम ३०० ने हीच जुनी स्थिती पुढे चालू ठेवली, आणि १९६२ मध्ये राजस्थानातल्या सरकारी जीपने पादचाऱ्याला चिरडले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने राज्याला भरपाई द्यायला लावली.

तीनच वर्षांनी नोंदलेला निकाल मात्र उलटा गेला. तो लिहिणारे सरन्यायाधीश साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. मेरठच्या पोलिसांनी अमृतसरच्या सराफाकडून जप्त केलेले सुमारे १०३ तोळे सोने ठाण्यातल्या हेडकॉन्स्टेबलने लंपास केले आणि तो पाकिस्तानात पळून गेला. अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकाराचे काम, म्हणून राज्य जबाबदार नाही, असे न्यायालयाने ठरवले. हे समाधानकारक नाही, विधिमंडळाने कायदा करावा, असे त्याच निकालात लिहिले. विधी आयोगाने तर आपला पहिलाच अहवाल १९५६ मध्ये याच विषयावर दिला होता. १९६५ आणि १९६७ ची विधेयके आली आणि बारगळली. १९९४ मध्ये आंध्रातल्या जप्त खतांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व कालबाह्य ठरवून त्याची हद्द बरीच आकसली. शाळा, दवाखाना, वाहतूक ही लोककल्याणाची कामे आता तिच्या बाहेरच.

म्हणजे पीकॉक यांच्या कसोटीवर पाहिले तरी जिल्हा परिषदेच्या शाळेला कवच मिळत नाही. कबड्डी शिकवायला राज्यसत्ता लागत नाही. गल्लीतले मंडळही ती शिकवते. ‘सरकारवर कुठे दावा चालतो का?’ या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर ‘चालतो’ असे आहे. मग दावे का दिसत नाहीत?

कारण भिंत दुसरीकडे आहे, आणि ती छोट्या विटांची आहे. शासनावर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस. मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात, अधिनियमाखाली केलेल्या कृत्यांच्या दाव्याला एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत. मूल रुग्णालयात असताना सहा महिने कसे जातात हे सांगायला नको. पुरावा म्हणजे मैदान, आणि मैदान शाळेच्या ताब्यात. साक्षीदार म्हणजे वर्गातली मुले, आणि त्यांचे अंतर्गत गुण त्याच सरांच्या हातात.

ग्राहक मंचाचे दार स्वस्त आणि जवळचे होते. २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने ते ओढून घेतले. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवा नाही, आणि शिक्षणाच्या जोडीने चालणारे उपक्रम, सहल, पोहणे, खेळ, हेही नाहीत, असे पीठाने म्हटले. फी घेताना स्विमिंग पूलचा फोटो माहितीपत्रकावर आणि बुडताना तो शिक्षणाचा अविभाज्य भाग, हे सामान्य पालकाला समजावणे कठीण आहे.

उघडे राहते ते पोलीस ठाण्याचे दार. निष्काळजीपणाने मृत्यू हा गुन्हा पूर्वी दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली येई आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत नेली. म्हणून संस्थेने काय पुरवले नाही हा प्रश्न मागे पडतो आणि पीटीच्या सरांवर गुन्हा दाखल होतो. डॉक्टरांवर असा गुन्हा लावण्याआधी तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. क्रीडाशिक्षकाला तसे संरक्षण कोणी दिलेले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आणि खेळाचे साहित्य आहे, सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे. तो नसेल तर गणिताचे सर भाले वाटतात. मग कसूर गणिताच्या सरांची, की ज्याने निदेशक दिला नाही त्याची? फौजदारी कायदा हा प्रश्न विचारू शकत नाही. तो माणूस शोधतो, व्यवस्था नाही.

सही आणि अनुग्रह

संमतीपत्राचे काय? मजकूर सगळीकडे सारखाच: ‘माझ्या पाल्यास स्पर्धेदरम्यान काही इजा झाल्यास त्यास शाळा जबाबदार राहणार नाही, ती सर्वस्वी माझी जबाबदारी राहील.’ मुलाच्या वतीने त्याचा भविष्यातला हक्क पालकाला असा सोडून देता येतो का? करार कायद्यानुसार अज्ञान मूल करार करू शकत नाही, आणि लोकधोरणाविरुद्धचा करार रद्द ठरतो. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सरकारी शाळांनी खेळासाठी सक्तीने घेतलेली अशी पत्रे अवैध ठरवली. सही केली नाही तर मूल खेळणार नाही, ही मोकळी संमती नव्हे. आपल्याकडच्या कागदाचा कायदेशीर दम यापेक्षा जास्त असण्याचे कारण मला दिसत नाही. त्याचा खरा उपयोग मानसिक आहे. सही केलेला बाप नंतर वकिलाकडे जातच नाही.

आणि गेला नाही तरी काही रक्कम येते. महाराष्ट्रात पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राजीव गांधी विद्यार्थी सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास पूर्वी ७५ हजार रुपये मिळत, २०२२ पासून दीड लाख. योजना चांगली आहे, गरीब घराला ती लवकर पोहोचली तर आधार मोठा आहे. पण नावातला ‘सानुग्रह’ शब्द नीट वाचावा. अनुग्रह ही देणाऱ्याची कृपा असते, घेणाऱ्याचा हक्क नसतो. रकमेचा मुलाच्या पुढच्या आयुष्याशी, उपचारांच्या खर्चाशी किंवा शाळेच्या चुकीशी हिशेब जुळवलेला नसतो.

चूक न शोधता भरपाई द्यायची असेल तर न्यूझीलंडने ती हक्क म्हणून दिली. १९७४ पासून तिथे अपघातात, खेळातल्यासुद्धा, जखमी झालेल्याला सार्वजनिक निधीतून उपचार आणि आधार मिळतो, आणि बदल्यात दावा लावण्याचा हक्क जातो. हा सौदा खुला आहे. इंग्लंडने सौदा केलाच नाही. १९८९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले की मुलांचा विमा काढण्याचे किंवा पालकांना तो काढायला सांगण्याचे कर्तव्य शाळेवर नाही, आणि चुकीचा पुरावा द्यायची जबाबदारी मुलावरच राहिली. आपण दोन्हींच्या मधोमध आहोत. हक्काचा दावा कागदावर आहे, कृपेचे अनुदान हातात आहे, आणि पहिला कोणी वापरत नाही म्हणून दुसरे पुरेसे समजले जाते. मला यातला धोका पैशाचा वाटत नाही. दाव्यात निदान कोणी विचारते की रोलर तिथे कोणी ठेवला होता. अनुदानाच्या अर्जात तो प्रश्न उद्भवत नाही.

त्या तालुका स्पर्धेची नोंद मी नंतर पाहिली, ओळखीच्या मुख्याध्यापकांमुळे. ‘खेळताना पडून डाव्या हातास मार. पालकांना कळवले.’ एवढेच. पुढच्या वर्षी स्पर्धा त्याच मैदानावर झाली. रोलर तिथेच होता. फक्त त्याच्याभोवती कोणीतरी चुन्याने नीट चौकोन आखला होता.